ओटीपी दिलात का?

ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेऊन माणूस बँकेत गेला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो. सांगलीला विश्रामबागेत राहणारे माझे एक स्नेही आहेत, त्यांना सगळेच मामा म्हणतात. शाखा व्यवस्थापक म्हणून ते निवृत्त झाले, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक. हा प्रश्न ऐकून ते २०२५च्या पावसाळ्यात एका सोमवारी भयंकर चिडले. त्यांची भाची ऋता तेव्हा सुट्टीला आलेली होती. ती पुण्यात ऑनलाइन पेमेंटच्या एका कंपनीत नोकरी करते आणि संशयास्पद व्यवहार तपासणं हेच तिचं काम आहे. त्या संध्याकाळी दोघांची चांगलीच जुंपली. मी ऐकत होतो. मला महत्त्वाचं वाटलं तेवढं इथे देतो.

प्रकरण मामांच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं. गुरुवारी संध्याकाळी बाईंना मेसेज आला, ‘तुमचे क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपत आहेत, रोख रक्कम घ्या.’ खाली लिंक. उघडलेलं पान हुबेहूब बँकेचं. बाईंनी कार्डाचा नंबर भरला, मुदतीची तारीख भरली, मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला, तोही भरला. ‘चुकीचा आहे, पुन्हा टाका’ असं आलं म्हणून दुसऱ्यांदा आलेलाही भरला. २४,९९९ आणि १९,५०० रुपयांची गिफ्ट कार्डं विकत घेतली गेली. आपण फसलो हे बाईंना अर्ध्या तासात कळलं होतं. पण मुलगा काय म्हणेल या धास्तीने त्या गप्प राहिल्या. रविवारी पहाटे परदेशी वेबसाइटवर आणखी ११,००० रुपये गेले, आणि या वेळी ओटीपी आलाच नाही. सोमवारी सकाळी त्या मामांकडे आल्या आणि मामा त्यांना घेऊन बँकेत गेले.

ऋता : मामा, प्रश्न कडू आहे, पण चुकीचा नाही. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरी खातरजमा हवीच, हे रिझर्व्ह बँकेने २००९पासून सक्तीचं केलंय. बाहेरच्या कितीतरी वेबसाइटवर अजूनही नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर खरेदी होते. आपल्याकडे दाराला आतून कडी आहे. चोराला ती बाहेरून काढता येत नाही म्हणून तो घरातल्या माणसाकडून काढवून घेतो. मग कडी कुणी काढली हे विचारायचंच नाही का?

मामा : विचार की. पण कधी विचारायचं? बाई काउंटरवरच्या माणसासमोर कार्ड हातात धरून बसल्या होत्या आणि ते कार्ड तेव्हाही चालू होतं! त्या माणसाने आधी कार्ड बंद करायला हवं होतं. त्याने विचारलं, ओटीपी दिलात का? बाई म्हणाल्या, हो. तर म्हणतो, मग आता काही होणार नाही. कार्ड बंद कर असं मला ओरडून सांगावं लागलं.

ऋता : ते सरळसरळ चुकलं त्याचं. पण मी दिवसभर जे बघते ते वेगळं आहे. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम असते, दुकानाचं नाव असतं, कुणाला देऊ नका असंही असतं. पॉइंट्सचे पैसे मिळणार असतील तर २४,९९९ रुपयांच्या खरेदीचा ओटीपी येईलच कसा? तेवढी एक ओळ वाचली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं.

मामा : ती ओळ इंग्रजीत होती. शिवाय स्क्रीनवर वरून पट्टी येते, तिच्यात सहा आकडे दिसतात आणि पुढचा मजकूर कापला जातो. माणूस आकडे लक्षात ठेवतो आणि खाली भरतो. तशी सवय आपणच लावलीय लोकांना. तू सांग, खरी बँक लिंक पाठवत नाही? खरी बँक फोन करून जन्मतारीख विचारत नाही? कार्डाची मर्यादा वाढवून देतो, कर्ज घ्या, आजच घ्या, असले फोन बँकेच्याच नावाने येतात. घाई बँकही करते आणि चोरही करतो. पंचाहत्तरीच्या बाईंनी त्यातला चोर कसा ओळखायचा?

ऋता : म्हणून तर बदल होतायत. बँकांनी सेवेचे फोन १६००ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४०ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारीत सांगितलं. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता यापुढे ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणार, त्याला ३१ ऑक्टोबरची मुदत आहे. तो शेवट कुणालाही विकत मिळणार नाही. बाईंना आलेल्या पत्त्यात बँकेचं नाव मधेच कुठेतरी होतं आणि शेवट भलताच होता.

मामांनी बँकांना धरलेलं मला बरोबर वाटलं. मात्र ऋताने पुढे सांगितलेली एक गोष्टही खरी आहे. स्वतःच खरेदी करून नंतर ‘हा व्यवहार माझा नाही’ म्हणणारे लोक तिला नेहमी भेटतात. घरातल्या मुलाने गेमसाठी कार्ड वापरलं आणि वडिलांनी फसवणुकीची तक्रार केली, असेही. प्रत्येक तक्रारीचे पैसे डोळे मिटून परत द्यायचे ठरवले तर तो भार शेवटी सगळ्याच ग्राहकांवर येतो.

ऋता : नियमही तेच म्हणतो, मामा. ६ जुलै २०१७चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने नुकसान झालं, म्हणजे त्याने गोपनीय माहिती दुसऱ्याला दिली, तर नुकसान त्याचं.

मामा : वाक्य पुरं कर.

ऋता : पुरंच आहे.

मामा : नाही. ‘बँकेला कळवेपर्यंत’ हे राहिलं तुझं. कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेचं. म्हणजे ज्याची चूक नाही त्याच्याकडे थोडा तरी वेळ आहे. ज्याची चूक आहे त्याच्याकडे अजिबात नाही, त्याने सगळ्यांत आधी फोन करायला हवा. आणि प्रत्यक्षात काय होतं? चूक झालेला माणूसच सगळ्यांत उशिरा तोंड उघडतो, कारण त्याला पहिल्या प्रश्नाची भीती असते. गुरुवारी बाईंनी फोन केला असता तर रविवारचे ११,००० गेलेच नसते, गेले असते तरी बँकेला भरावे लागले असते. ते पैसे चोराने नेले हे खरं, पण त्याच्यासाठी दार उघडं राहिलं ते बाईंना लाज वाटली म्हणून. ती लाज आपण सगळ्यांनी मिळून तयार केलीय.

ऋता जरा वेळ काही बोलली नाही. तिच्यासमोर जी नोंद येते तिच्यात व्यवहाराची वेळ असते आणि तक्रारीची वेळ असते. या दोन वेळांमधलं अंतर बघून ग्राहक बेफिकीर आहे असंच आपण धरत आलो, असं ती म्हणाली. पण तिने मुद्दा सोडला नाही.

ऋता : तरी पहिले दोन व्यवहार बाईंच्याच अंगावर येणार. त्यांना खोटी आशा दाखवू नका.

मामा : आशा नाही दाखवत, नियम दाखवतोय. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला एक रुपयाही भरावा लागत नाही, कळवलं असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, भलत्याच ठिकाणी माहिती फुटली, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच. पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या कार्डाला २५,०००. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या धोरणावर. दिवस मोजताना बँकेचा व्यवहाराचा मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. ग्राहकाने आपला निर्दोषपणा सिद्ध करत बसायचं नाही.

ऋता : बँक म्हणेल, ओटीपी टाकला गेला, तोच पुरावा.

मामा : म्हणते खरी. पण न्यायालयं एवढ्यावर समाधान मानत नाहीत. जून २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून गेलेले ७६ लाखांवर रुपये व्याजासह परत द्यायला बँकेला सांगितलं, आणि आधार याच २०१७च्या परिपत्रकाचा. यंदाच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,००० रुपये परत करण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. त्या माणसाने चोवीस तासांत कळवलं होतं.

ऋता : त्या दोन्ही ठिकाणी ग्राहकाने ओटीपी दिला हे बँकेला दाखवता आलं नाही. बाईंनी दिलाय. फरक आहे.

मामा : मान्य. म्हणून तक्रारीत मी तिन्ही व्यवहार एका वाक्यात लिहिणार नाही. पहिल्या दोनांत काय झालं ते खरंखरं लिहायचं, एक अक्षर लपवायचं नाही. तिसऱ्यात बाईंनी कुठलीही मंजुरी दिलेली नाही. आयुष्यात कधी खरेदी केली नाही अशा देशात, पहाटे, ओटीपीविना पैसे गेले. बँकेच्या यंत्रणेला ते खटकायला नको होतं? तिसऱ्याची तक्रार वेगळी.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. फसलेली माणसं ‘माझे पंचावन्न हजार गेले’ अशी एकच तक्रार देतात. बँक त्यातला एक ओटीपी बघते आणि सगळं प्रकरण बंद करते. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, ओटीपी आला की नाही, हे वेगवेगळं लिहिलं तर उत्तरही वेगवेगळं द्यावं लागतं.

मामांचा राग मात्र अजून पुरता निवळला नव्हता. २०१६मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली आणि बँकांना कार्डं बदलून द्यावी लागली, २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटींवर रुपये दोन-तीन दिवसांत गेले, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रक्कम काढली गेली. तिथे कुठल्या ग्राहकाने ओटीपी दिला होता, असं त्यांनी विचारलं.

ऋता : कुणीच नाही. पण मामा, तेव्हापासून यंत्रणेच्या बाजूच्या भिंती बऱ्याच पक्क्या झाल्या. ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर साठवताच येत नाही, त्याजागी टोकन राहतं. त्या दुकानाची माहिती फुटली तरी ते टोकन दुसरीकडे चालत नाही. म्हणून तर चोर आता यंत्रणा सोडून माणसाच्या मागे लागलाय. तुम्ही कितीही नियम दाखवा, हा चोर माणसाच्या घाईवर जगतो. आणि रविवारचा व्यवहार का झाला ते सांगू? बाई लेकीकडे परदेशात जाऊन आल्या तेव्हा त्यांनी कार्डाचा परदेशी वापर चालू केला होता. परत आल्यावर तो तसाच राहिला.

मामा : मला माहीत नव्हतं हे.

ऋता : कुणालाच माहीत नसतं, तेच तर दुःख आहे. २०२०पासून प्रत्येक कार्डाला बटणं आहेत. ऑनलाइन वापर, परदेशी वापर, टेकवून पैसे देणं, एटीएम, एकेक वेगळं बंद करता येतं आणि प्रत्येकाची मर्यादाही ठरवता येते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन मिनिटांचं काम. परदेशी वापर बंद, प्रवासाआधी चालू, परत आल्याच्या दिवशी पुन्हा बंद. ऑनलाइन वापरसुद्धा मी खरेदीपुरता चालू करते. टेकवून पैसे देताना ५,०००पर्यंत पिन लागत नाही, ज्याला ते नको त्याने बंद करावं किंवा मर्यादा हजारावर आणावी. मर्यादा दहा हजार असती तर बाईंनी दोन काय, दहा ओटीपी दिले असते तरी त्या दिवशी दहा हजारांच्या वर काही गेलं नसतं. माणूस चुकणारच हे धरून मर्यादा ठेवायची. त्याने चुकू नये एवढीच आशा धरून बसले तर माझ्यासारख्या लोकांचं काम कधी संपायचंच नाही.

यावर मामांना काही बोलता आलं नाही. मलाही त्या संध्याकाळी ऐकलेल्यात हेच सगळ्यांत उपयोगाचं वाटलं.

ऋताने आणखीही बरंच सांगितलं. ऑनलाइन खरेदीला डेबिट कार्डापेक्षा क्रेडिट कार्ड बरं, कारण वाद चालू असताना बँकेचे पैसे अडकतात, आपली शिल्लक जात नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे यायला पिनही लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. वाहनाचं चलन, लग्नाची पत्रिका, वीज तोडण्याची नोटीस अशा नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही. ती मेसेज वाचणारं अ‍ॅप बसवते, मग ओटीपी कुणाला विचारावाच लागत नाही. स्क्रीन दिसू देणारं अ‍ॅप कुणाच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागे छापलेलाच लावायचा. मोबाइलची रेंज अकारण तासन्‌तास गेली तर कंपनीकडे चौकशी करायची, कारण आपल्या नावाचं सिम दुसऱ्याने काढलेलं असू शकतं.

मामा : आणि पैसे गेले, तर?

ऋता : आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद. लगेच बँकेला फोन, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. मग १९३० ही सायबर हेल्पलाइन.

मामा : १९३० सरळ लागतो का?

ऋता : गर्दी असते, पण लावत राहायचं. नाहीच लागला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरायची. तो नंबर केवळ तक्रार लिहून घेण्यासाठी नाही. पलीकडे पोलीस आणि बँका एकाच यंत्रणेवर असतात. चोरलेली रक्कम एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात जाते आणि मग एटीएममधून बाहेर पडते. ती अजून एखाद्या खात्यात असेल तर तिथेच गोठवता येते, बाहेर पडली की मागे फक्त कागद राहतात. बाईंच्या प्रकरणात गिफ्ट कार्डं होती. गुरुवारी रात्रीच त्या विक्रेत्यालाही कळवलं असतं तर न वापरलेली कार्डं थांबवता आली असती. आता तरी कळवून बघू, एखादं उरलेलं असतं.

मामा : बिल येईल त्याचं काय? बाई घाबरल्यात, व्याज चढेल म्हणून.

ऋता : फसवणूक म्हणून वादात टाकलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत आकार लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या क्रेडिट कार्ड निर्देशांत आहे. ते तक्रारीत लिहा. बाकीचं खरं बिल मात्र वेळेवर भरायला सांगा. आणि पुढच्या महिनाभरात ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येईल. तो त्यांच्याचपैकी कुणाचा तरी असेल.

इथवर दोघांचं जमत आलं होतं. मुलाचा विषय निघाला आणि पुन्हा बिनसलं. बाईंचा मुलगा बेंगळुरूला असतो. त्याने फोनवर आईला ‘तुला किती वेळा सांगितलं होतं’ असं सुनावलं आणि कार्डच रद्द करून टाक म्हणाला. ऋताला त्याचं म्हणणं पटलं. ज्याला मेसेज वाचणं जमत नाही त्याने कार्ड ठेवू नये, असं तिचं मत. मामांनी हात झटकला.

मामा : कार्ड काढून घेतलं की बाई उद्या औषधं मागवायलाही मुलाच्या तोंडाकडे बघणार. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई आहेत त्या. त्यांना बटणं दाखव, मर्यादा लावून दे, त्यांच्या त्या करतील. आणि त्या मुलाला सांग, पुढच्या वेळी आईचा फोन आला तर आधी विचार, ‘कार्ड बंद केलंस का?’ बाकी काय बोलायचं ते नंतर. घरात बोलणी बसतात हे चोराला पक्कं ठाऊक असतं. आपल्याला दोन-तीन दिवस मोकळे मिळतात, असा त्याचा हिशेबच असतो.

ऋता : मर्यादा लावून देते. पण महिन्यातून एकदा त्यांनी स्वतः ती उघडून बघायची, या अटीवर.

मामा : ही अट बाई पाळतील. तूच पाळतेस का ते मी विचारीन.

मग ऋताने लॅपटॉप काढला. तक्रार तिनेच लिहायला घेतली, तीन व्यवहारांचे तीन परिच्छेद. २०१७च्या परिपत्रकाचा उल्लेख वर, कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती जमा करण्याची मागणी खाली, नव्वद दिवसांत निकाल देण्याचं बंधन त्याखाली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नुसतं ‘ओटीपी वापरला गेला’ एवढंच कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं हेही ठरलं. त्या तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पहिल्या दोन व्यवहारांच्या परिच्छेदात मामांना ‘बँकेने पूर्ण रक्कम परत करावी’ असं हवं होतं. ऋता म्हणाली, ते मिळणार नाही, लिहू नका. मामा म्हणाले, मागितल्याशिवाय ते नाही कसं म्हणणार? शेवटी ‘दोन्ही व्यवहारांच्या वेळी बँकेच्या यंत्रणेने कोणता धोक्याचा इशारा नोंदवला व त्यावर काय केलं, हे लेखी कळवावं’ असं वाक्य ऋताने सुचवलं आणि ते राहिलं. तिसऱ्या व्यवहाराची पूर्ण रक्कम मागितली. मंगळवारी सकाळी बाईंनी त्यावर सही केली, एक प्रत शाखेत देऊन पोच घेतली आणि दुसरी ईमेलने पाठवली.